गल्लीचा चष्मा

आमच्या गल्लीत चष्मा एकच होता आणि तो सगळ्यांचा होता. मूळचा तो सोनाकाकींच्या सासऱ्यांचा. सोनाकाकी म्हणजे आमच्या घरमालकीण. चिंचवड गावात त्यांची बैठ्या खोल्यांची एक ओळ होती. तिच्यातल्या दोन खोल्यांत आम्ही भाड्याने राहत होतो, एकीत गंगाराम शिंपी आणि त्याचं मशीन, आणि उरलेल्या जागेत काकी, त्यांचे मुलगे-सुना आणि पावसाळ्यात त्यांची म्हैससुद्धा. सासरे वारले तेव्हा त्यांची काठी, घोंगडी, तांब्या असं एकेक करत देऊन झालं, पण चष्मा कुणाला द्यायचा यावर काही एकमत होईना, कारण तो सगळ्यांनाच हवा होता. शेवटी काकींनी तो ओसरीच्या कोनाड्यात ठेवला आणि जाहीर केलं, "ज्याला लागंल त्यानं न्यावा, काम झालं की हितंच आणून ठिवावा. आन काच खाली करून ठिवू नगा, सांगून ठिवते." त्या दिवसापासून तो गल्लीचा चष्मा झाला. पाटा-वरवंटा किंवा शिडी जशी या घरातून त्या घरात जाते तसा तो फिरायचा. त्याची एक काडी कधीच मोडली होती. तिच्या जागी काळा दोरा होता, तो कानाला दोन वेढे देऊन अडकवायचा. दिवाळी आली की गंगाराम दोरा बदलून द्यायचा, तेवढाच चष्म्याचा सण.

गल्लीचं कामकाज या चष्म्याच्या वेळापत्रकाने चालायचं. सकाळी पिंपरीच्या कारखान्याचा भोंगा झाला की चष्मा गंगारामकडे, कारण बारीक शिवण त्याला सकाळच्या उजेडात करायची असायची. दुपारी काकी तांदूळ निवडायला बसल्या की त्यांच्याकडे. आणि पहिली पाळी संपवून वडील घरी आले, हातपाय धुतले, पितळीतून चहा प्यायले, की मला म्हणायचे, "शंकर, चष्मा बघ कुणाकडं हाय." मग मी ओसरीवरून ओरडायचो, पलीकडून कुणीतरी ओरडून सांगायचं आणि मी तो घेऊन यायचो. चष्म्यासाठी एवढी धावाधाव मी पुढे धंद्यात असतानाही केली नाही. हल्ली मी मुलाकडे, पिंपळे सौदागरला अकराव्या मजल्यावर राहतो. या घरात माणसं पाच आणि चष्मे चौदा आहेत. उन्हाचे, वाचायचे, कॉम्प्युटरचे, नुसतेच शोभेचे. तरीही रोज सकाळी कुणीतरी ओरडत असतं की माझा चष्मा कुणी घेतला. त्या चौदांपैकी एकही नीट सापडत नाही आणि आमचा एकच चष्मा कधी हरवला नाही, हे सुनेला सांगायला गेलो की ती हसते आणि माझाच चष्मा माझ्या कपाळावरून काढून माझ्या हातात देते.

वडिलांना आम्ही आप्पा म्हणत असू. साताऱ्याकडची आमची जमीन म्हणजे दगडांना मध्ये मध्ये माती लागलेली. ती भावाच्या हवाली करून आप्पा पिंपरीत नव्याने निघालेल्या औषधाच्या कारखान्यात बॉयलरवर लागले होते. मी मॅट्रिक झालो त्या उन्हाळ्यात त्यांनी आपल्या फोरमनच्या कानावर घालून ठेवलं होतं की पोरगं हाताशी आलंय. फोरमनने, महिनाअखेरपर्यंत आणून उभा कर, बदली कामगार म्हणून घेतो, असं सांगितलंही होतं. घरात ही बातमी लग्न ठरल्यासारखी पसरली. मला कारखान्याचं काही वावडं नव्हतं. पण त्याच दिवसांत आमचे विज्ञानाचे जोशी सर मला सोबत म्हणून पुण्याला एका डोळ्यांच्या इस्पितळात घेऊन गेले. त्यांचा नंबर वाढला होता आणि परत येताना डोळ्यांत औषध घातलेलं असणार, म्हणून हात धरायला मी. तिथे मी भिंगांची पेटी पाहिली. आतून निळी मखमल, मखमलीला खाचा आणि प्रत्येक खाचेत एक भिंग उभं, शेकड्यांनी, ओळीने. नंबर तपासणारा माणूस एक भिंग काढी, सरांच्या नाकावरच्या चौकटीत घाली, "आता?" म्हणे, आणि सर भिंतीवरची एक ओळ जास्त वाचत. मला ती जादू वाटली. शिवाय त्या माणसाचं स्टूल गरगर फिरायचं. पुढे हेच काम शिकायला प्रवेश मागताना मी खरं कारण सांगितलं असतं तर ते स्टूलच असतं, पण इतकं खरं बोलायची त्या वयात सवय नव्हती. त्या इस्पितळाला लागूनच चष्म्याचे नंबर काढणारी माणसं तयार करण्यासाठी एक शाळा निघाली होती. सरांनी अर्ज भरून दिला, आणि पंधरवड्याने मुलाखतीचं बोलावणं आलं.

आप्पा म्हणाले, "जा की. घेतलं तर शाळा, न्हाई घेतलं तर बॉयलर. दोन्हीकडं काचंतूनच बघायचं असतंय." बॉयलरच्या पाण्याची काचेची नळी त्यांच्या डोक्यात होती. असं ते काहीही सहज बोलत आणि पुन्हा वर्तमानपत्रात डोकं घालत. पण मला ते सहज घेता येईना. महिनाअखेर मुलाखतीनंतर चारच दिवसांवर होती आणि फोरमन काही माझ्यासाठी जागा अडवून बसणार नव्हता.

घरात मुलाखतीचा अनुभव असलेला माणूस एकच होता, आईचा भाऊ, बापूमामा. मामाने रेल्वेत, पोस्टात, पाटबंधाऱ्यात, दोन बँकांत आणि एका साबणाच्या कंपनीत मुलाखती दिल्या होत्या. कुठेही त्याला घेतलं नव्हतं. शेवटी खडकीला तो लष्कराच्या ज्या भांडारात चिकटला होता, तिथे तर मुलाखतच झाली नव्हती. पण ही बारीकशी गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. उलट इतक्या मुलाखती दिलेला माणूस आपल्याच घरात असावा याचं आईला फार कौतुक. तिने निरोप पाठवला आणि मामा रविवारी सकाळच्या लोकलने सूट घालून हजर. जूनचा पहिला आठवडा, पाऊस पडलेला नाही, पत्रा तापलेला, आणि मामा गळ्याशी टाय आवळून आमच्या ट्रंकेमागे बसलेला. ट्रंकेवर आईने चादर घातली, ते साहेबाचं टेबल. मामा पोत्यावर बसला, ती साहेबाची खुर्ची. मी दाराच्या पडद्याबाहेर उभा, आणि माझ्यामागे ओसरीवर सोनाकाकी, त्यांच्या सुना आणि मशीन थांबवून आलेला गंगाराम.

"मे आय कम इन सर?" मी पडद्याबाहेरून म्हटलं.

"नो!" मामा आतून गरजला.

मी तिथेच उभा राहिलो. आता काय करायचं हे माहीत नव्हतं.

"अरे, नो म्हटल्यावर काय करायचं?" मामाने विचारलं.

"परत जायचं," मी म्हटलं.

"गाढवा, परत कशाला जायचं? नो म्हणतच नाहीत कधी! मी तुझी परीक्षा घेतली. ये आत."

आत गेलो. उजवा पाय आधी की डावा यावर मामा आणि आई यांच्यात थोडी चर्चा झाली. मग मामाने मला उभंच ठेवून विचारलं, "यू वाँट टू जॉइन धिस स्कूल व्हाय?" याचं उत्तर त्याने आधीच पाठ करून घेतलं होतं. "टू सर्व्ह द नेशन, सर." हे उत्तर त्याने रेल्वेतही दिलं होतं आणि साबणाच्या कंपनीतही. तिथल्या साहेबाने त्याला विचारलं होतं की साबणाने देशाची सेवा कशी होईल. मामाने तेही धडाधड सांगितलं होतं, तरी घेतलं नाही, याला तो वशिला म्हणायचा.

सोनाकाकींना पडद्यामागून राहवेना. त्या तोंड आत घालून म्हणाल्या, "बापू, त्येला त्ये इचार की. लगीन झालंय का, जमीन किती हाय."

"काकी, ही मुलाखत आहे, सोयरीक नाही."

"मंग काय, पोरगं बघायलाच बोलीवलंय न्हवं? त्ये काय जेवाय बोलीवत्यात व्हय?"

गंगाराम म्हणाला, "माप तरी घेतीलच की." सगळे हसले. मामा हसला नाही. हसणारा साहेब त्याने कुठल्याच मुलाखतीत पाहिला नव्हता.

तयारीचा दुसरा अर्धा आईच्या हातात होता. डोळ्यांच्या शाळेत जायचं तर आधी आपले डोळे खणखणीत हवेत, एवढा तिचा साधा हिशेब. काकींच्या परसात शेवगा होता. आईने त्याच्या पाल्याचा सपाटा लावला. पाल्याची भाजी, पाल्याची आमटी, भाकरीच्या पिठात पाला, थालीपिठात पाला. एक दिवस तिने चाकणच्या कांद्याची भजी केली तेव्हा मी खूश झालो. पण मोडून पाहिलं तर आत पाला. तळणाचा वास सुटला की आमच्या ओळीतली सगळी दारं आपोआप उघडायची, तशी ती उघडली, आणि भजी संपेपर्यंत मुलाखत या विषयावर पाचसहा जणांनी मतं दिली. मी मात्र दिवसभर जोशी सरांनी काढून दिलेलं डोळ्याचं चित्र पुढे घेऊन बसायचो. पारपटल, बुबुळ, भिंग, दृष्टिपटल, मराठीत आणि इंग्रजीत. आप्पा रात्रपाळीला निघताना डबा उचलत माझ्याकडे वळून, "बुबुळाच्या मागं काय?" असं विचारायचे. मी "भिंग" म्हटलं की "बराबर" म्हणायचे. त्यांना बरोबर की चूक हे माहीत नसायचं, पण "बराबर" ते इतक्या खात्रीने म्हणत की मला बळ यायचं.

आदल्या दिवशी संध्याकाळी मामा पुन्हा आला. त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं. गंगारामने शिवलेला पांढरा शर्ट, आप्पांची पँट आखूड करून केलेली माझी पँट, तेल लावून चापून बसवलेले केस. सगळं ठीक होतं, तरी मामाच्या कपाळाला आठी.

"काय कमी आहे रे?" आईने विचारलं.

"ताई, मला सांग, तालमीत उस्ताद कुणाला पसंत करतो? अंगापिंडाने भरलेल्याला. भजनी मंडळात कुणाला घेतात? गळ्यात माळ असलेल्याला. हा चालला चष्म्याच्या शाळेत, आणि याच्या नाकावर काय आहे? काही नाही! त्यांना वाटायला नको का, की हा आपल्यातला आहे?"

इतकी साधी गोष्ट आपल्याला सुचली कशी नाही, असं प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होतं. माझे डोळे उत्तम होते. चिंचवड स्टेशनातून सुटलेल्या गाडीचे डबे मला शेतापलीकडून शेवटच्यापर्यंत मोजता यायचे. पण ते कुणी विचारलं नाही, आणि मलाही मामाचं म्हणणं पटलं, हे आता सांगायला हरकत नाही. सोनाकाकी उठल्या, कोनाड्यातून चष्मा काढला, पदराने पुसला आणि माझ्या हातात ठेवला. "न्हे. पर जपून वापर, बाबा."

गंगारामने मान वळवून आपल्या खोलीकडे पाहिलं. शाळा उघडायचे दिवस, पोरांच्या चड्ड्यांचा ढीग त्याच्या मशीनजवळ लागलेला, आणि उद्याची अख्खी सकाळ चष्म्याविना. तरी तो म्हणाला, "जाऊ द्या. उद्या मी काजं-बटनं बाजूला ठिवतो, नुसत्या सरळ शिवणी मारतो. पोरगं लागलं तर आपल्याच गल्लीचं नाव." आणि मग नवा दोरा आणून माझ्या कानाच्या मापाने त्याने बांधूनसुद्धा दिला. सराव म्हणून मी तो लावून ओसरीवरून खाली उतरलो आणि थेट म्हशीच्या पाण्याच्या डोणीत पाय घातला. मामा म्हणाला, "सवय होईल."

सवय झाली नाही. दुसऱ्या दिवशी आईने हातावर दहीसाखर घातली, सगळ्यांच्या पाया पडलो, लोकलने पुण्याला गेलो, आणि इस्पितळाच्या फाटकाशी चष्मा चढवला. तिथून पुढे जग धुक्यात गेलं. म्हाताऱ्या माणसाचा जाडजूड वाचायचा चष्मा तो. माझ्या तळहातावरच्या रेषा मात्र इतक्या स्वच्छ दिसत होत्या की बसून भविष्य सांगता आलं असतं. भिंतीला हात लावत लावत मी व्हरांड्यातून गेलो, नाव पुकारल्यावर आवाजाच्या दिशेने निघालो, "मे आय कम इन सर?" म्हटलं, आत गेलो, आणि समोर उभ्या असलेल्या उंच, सडपातळ गृहस्थांना वाकून "गुड मॉर्निंग सर" म्हणालो. गृहस्थ काही बोलले नाहीत.

"तो माझा कोट आहे," डावीकडून एक आवाज आला. "मी इकडे आहे."

ते मोठे डॉक्टर. त्यांच्या शेजारी एक बाई बसल्या होत्या, त्या शाळेत शिकवायच्या. त्या खोकल्यासारखं काहीतरी करत होत्या. मी चाचपत खुर्ची शोधली आणि बसलो. घामाने चष्मा घसरायला लागला आणि दोरा कानाला काचायला लागला.

डॉक्टरांनी नाव, गाव विचारलं. मग भिंतीकडे बोट दाखवून म्हणाले, "ते वाच पाहू." मला भिंत दिसत होती, भिंतीवर काहीतरी पांढरं आहे इतपत दिसत होतं. मी म्हटलं, "काय वाचू, सर?"

"सगळ्यात वरचं एकच मोठं अक्षर आहे. तेवढं वाच."

मी डोळे ताणले, पण पांढरं ते पांढरंच. ज्याला एवढंही दिसत नाही त्याला ही माणसं कशाला घेतील? आणि चष्मा काढावा, तर मग तो लावलाच कशाला होता? मामाने या प्रश्नाचं उत्तर पाठ करून घेतलं नव्हतं. मी तरीही हाताशी होतं ते म्हणून टाकलं, "टू सर्व्ह द नेशन, सर."

बाईंना आता खोकला आवरेना. डॉक्टर उठले. माझ्या कानाचा दोरा सोडवून त्यांनी चष्मा काढून घेतला आणि तो खिडकीसमोर हातभर लांब धरून हळूहळू डावी-उजवीकडे हलवला. काचेतून त्यांना खिडकीचे गज हलताना दिसत असणार, त्यावरून नंबर ताडता येतो. मला तेव्हा ते ओवाळल्यासारखं वाटलं. मग ते वळून म्हणाले, "हा साठीच्या माणसाचा चष्मा आहे. तू कितीचा?"

"सतरा, सर."

"आता भिंतीवरचं वाच."

मी वाचलं. वरपासून खालपर्यंत, अगदी खाली बारीक अक्षरांत छापणाऱ्याचं नाव होतं तेही. डॉक्टर चष्मा हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिले. "मग हा कुणाचा?"

"गल्लीचा," मी म्हणालो. आणि मग लपवण्यासारखं काही उरलंच नाही म्हणून सगळं सांगून टाकलं, मामा, उस्ताद, भजनी मंडळ, बॉयलरवरची जागा, गंगारामच्या चड्ड्यांसकट. डॉक्टर आधी टेबलाला टेकले, मग खुर्चीत बसले. हसून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले. हसणारा साहेब असतो, हे मामाला सांगायचं असं मी मनाशी ठरवलं. पण नंतर ते एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाले, "एक सांग. एवढी वेगवेगळ्या वयाची माणसं हा एकच चष्मा वापरतात. सगळ्यांना चालतो?"

मी म्हटलं, "चालतो कसला, सर! चालवून घेतात." आणि कसं चालवून घेतात ते मला ठाऊक होतं. रोज तो आणायला-न्यायला मीच, आणि समोरच्याचं काम संपेपर्यंत बघत बसायचो. सोनाकाकी तो नाकाच्या अगदी शेंड्यावर आणतात, तेवढ्यानेही भागलं नाही तर काढून हातात धरून तांदळावर लांब धरतात. गंगाराम उलट डोळ्यांना घट्ट दाबून बसवतो, आणि तरी त्याला मान खाली घालून कापड पार जवळ घ्यावं लागतं, लांब नेलं की त्याला दिसत नाही. काकींच्या थोरल्या सुनेला तर तो नकोच असतो. सगळे लावतात म्हणून लावते आणि वरून बघते. हे सगळं मी हातवारे करून, नाकावर बोट ठेवून दाखवलं. बाई पुढे सरकून बसल्या होत्या.

"आणि तुझे वडील?"

"आप्पा तो वाकडा धरतात, सर. म्हणजे असा, कपाळाकडची कड पुढे आणि गालाकडची आत. आणि डावा डोळा मिटतात. आम्हाला वाटतं सवय आहे. आई म्हणते, साताऱ्याला असतानाही ते देवळाकडे बघताना मान तिरपी करायचे."

डॉक्टरांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी डॉक्टरांकडे. "वाकडा धरल्यावर त्यांना बरं दिसतं?"

"बरं दिसतं म्हणून तर धरत असतील."

"हं," डॉक्टर म्हणाले. त्यांनी चष्मा मला परत दिला, दोऱ्यासकट. "परवा सकाळी नऊ वाजता ये. वडिलांना घेऊन ये."

त्यांनी घंटी वाजवली आणि पुढच्या मुलाचं नाव पुकारलं गेलं.

आमच्या काळात वडिलांना घेऊन ये या वाक्याला एकच अर्थ होता. शाळेत शाई सांडली, कुणाचं डोकं फोडलं, मास्तरांची नक्कल करताना सापडलो, की वडिलांना घेऊन ये. घरी येईपर्यंत माझी खात्री झाली होती की खोटा चष्मा लावून साहेबाला फसवल्याबद्दल मला आता रीतसर बोलणी बसणार, आणि तीही बापाच्या देखत. गल्ली ओसरीवर जमलेलीच होती. मी चष्मा काकींच्या हातात दिला. त्यांनी तो न बघताच गंगारामकडे दिला आणि गंगारामनेही तो हातातच धरून ठेवला.

"काय झालं रे?" आईने विचारलं.

"आप्पांना घेऊन बोलावलंय."

मामा मुद्दाम निकाल ऐकायला थांबला होता, त्याने टाय सैल केला. "संपलं," तो म्हणाला. "माझ्या सगळ्या मुलाखतींत वडिलांना कधी बोलावलं नव्हतं. त्या मानाने माझं बरंच म्हणायचं."

काकी मामावर वसकन ओरडल्या. "तूच ना रं त्यो चष्मा लावाया सांगितलास? मोठा आलाय साहेब!"

आप्पांनी मात्र भाकरी संपवली, हात धुतला आणि म्हणाले, "बोलीवलंय तर जाऊ. माफी मागून येऊ. त्यात काय कमीपणा न्हाई." मग आईला म्हणाले, "माझा कोट काढ." तो कोट त्यांच्या लग्नातला. गंगारामने आपणहून त्याची बटणं पक्की करून दिली, आणि आप्पांनी कारखान्यात रजा टाकली. फोरमनलाही सांगून आले की पोरगं एक तारखेला येतंय. ते मला त्यांनी लोकलमध्ये बसल्यावर सांगितलं, खिडकीबाहेर बघत. मी मान हलवली. गाडी कासारवाडी, दापोडी करत चालली होती आणि आप्पा ओठांतल्या ओठांत माफीची वाक्यं जुळवत होते. मध्येच मला विचारत, "'क्षमा करा' म्हनायचं का 'चुकलं' म्हनायचं?" मी म्हटलं, "दोन्ही म्हणा." माणसाला पोरासाठी किती गोष्टी कराव्या लागतात हे पुढे मलाही कळलं, पण त्या दिवशी मला फक्त लाज वाटत होती, आणि त्यांच्या कोटाला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता.

आत गेल्या गेल्या आप्पांनी हात जोडले. "साहेब, चुकलं. क्षमा करा. पोरगं तसं गुणाचं हाय. त्यो चष्मा त्येच्या मामाच्या डोक्यातनं—"

"बसा," डॉक्टर म्हणाले आणि पाठ उंच असलेल्या एका खुर्चीकडे बोट केलं.

"न्हाई, हुबा हाय त्यो बरा हाय."

"अहो, उभ्याने डोळे कसे तपासू? बसा."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. ते बसले, अगदी कडेवर, हात तसेच जोडलेले. डॉक्टरांनी दिवा घेऊन त्यांच्या डोळ्यांत बराच वेळ पाहिलं. बाई एक कागद घेऊन माझ्याजवळ आल्या. "यावर पालकांची सही लागते. तपासून झालं की घे त्यांची. एक तारखेपासून यायचं, वेळेवर."

"कुठे यायचं?" मी विचारलं.

"कुठे म्हणजे? इथे, शाळेत. डॉक्टर, तुम्ही याला प्रवेश दिल्याचं सांगितलंत की नाही?"

डॉक्टर आप्पांच्या डोळ्यांवरून नजर न काढता म्हणाले, "सांगितलं नाही का? वडिलांना घेऊन ये म्हटलं होतं की." मग आप्पांना म्हणाले, "तुमचा नंबर तिरका आहे. साधं भिंग वाकडं धरलं की थोडंफार भागतं, ते तुम्ही आपलं आपण शोधून काढलंत. आणि ते या पोराने बघून ठेवलं. असा मुलगा मी बॉयलरवर जाऊ देईन?"

आप्पांनी जोडलेले हात सोडले आणि मागे टेकून बसले. आयुष्यात एखाद्या साहेबासमोर ते असे टेकून बसलेले मी तेव्हाच पाहिले.

डॉक्टरांनी त्यांच्या नाकावर ती गोल चौकट चढवली, आणि मला हाक मारली. "इकडे ये. पेटी उघड. त्या ओळीतलं, हो, तेच. कडेला धर, बोटं काचेला लावायची नाहीत. आता चौकटीच्या खाचेत घाल, आणि मी सांगतो तसं हळूहळू फिरव." निळ्या मखमलीतून मी भिंग कडेला धरून उचललं. ते फिरतं स्टूल शेजारीच होतं, त्यावर बसायचं मला सुचलंही नाही. मी वाकून, आप्पांच्या तोंडासमोर तोंड नेऊन भिंग घातलं आणि केसभर, केसभर फिरवायला लागलो. बाईंनी त्यांच्या हातात बारीक छपाईचा कागद दिला होता. आप्पा तो पुटपुटत वाचत होते, अडखळत, मग कमी अडखळत, आणि मग एका जागी भिंग आलं तशी त्यांनी मान सरळ केली. डावा डोळा उघडा होता. त्यांनी अख्खं वाक्य एका दमात वाचलं.

"थांब," डॉक्टर मला म्हणाले. "तिथेच."

आप्पांनी कागदावरून नजर वर उचलली. समोर मीच होतो, वीतभर अंतरावर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि ते बघतच राहिले. इतका वेळ ते माझ्याकडे कधी बघत बसले नव्हते.

"शंकर," ते म्हणाले, "तुला मिशी फुटली व्हय रं? कवा?"

आणि हात वर करून, ती खरीच आहे की काय म्हणून, त्यांनी अंगठ्याने चाचपून पाहिली.